बावखलावरचा मांडव

भुईगावच्या हायस्कुलात बेसिल तुस्कानो नावाचे विज्ञानाचे सर होते. निसर्गावर त्यांचं अतोनात प्रेम होतं आणि हे प्रेम ते मुख्यतः फळ्यावर करीत. 'निसर्ग आपली माय आहे' हे वाक्य ते रंगीत खडूंनी असं काढीत, की 'य'च्या शेपटीतून वेल निघायची, वेलीला पानं, पानावर दवाचा थेंब आणि थेंबाला पांढऱ्या खडूची चकाकी. मग आठवडाभर तो फळा पुसायला बंदी. गणिताचे सर बिचारे कोपऱ्यात अंग चोरून बेरजा मांडायचे.

वनमहोत्सव आला की सरांना चेव चढायचा. पोरांकडून पत्र्याचे बोर्ड रंगवून घ्यायचे, 'झाडे लावा, झाडे जगवा', आणि ते चार इंची खिळ्यांनी झाडांना ठोकायचे. चर्चच्या वाटेवरच्या फणसाच्या अंगावर तर हात ठेवायला जागा उरली नव्हती. फणस चीक गाळायचा, सर त्याच्याच सावलीत उभे राहून भाषण करायचे. एक बोर्ड उरला तो सरांनी घरी नेला आणि आपल्या बावखलाच्या काठावरच्या उंबराला मारला. निसर्गप्रेमाची सुरुवात घरापासून करावी, असं ते नेहमी म्हणत.

बावखल म्हणजे काय, ते वसईबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. वाडीत आज्या-पणज्यांनी हातांनी खणलेलं तळं ते बावखल. काठाला रहाट, रहाटाला रेडा आणि त्या पाण्यावर केळी, पानवेली, मोगरा. भुईगावात वाडीगणिक एक बावखल होतं. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही गावच्या विहिरी गोड्या होत्या. त्या गोड्या का, हे कुणी विचारत नव्हतं. सूर्य पूर्वेला का उगवतो, हे तरी कोण विचारतं?

मग विजेचे पंप आले. रहाट मोडून चुलीत गेले, रेडे विकले गेले आणि बावखलं नुसतीच पडून राहिली. त्यांत बेडकं, कासवं आणि पोरं डुंबायची. लोकांना वाटायला लागलं, ही जागा फुकट चालली आहे, आणि एकेक जण आपलं बावखल बुजवायला लागला.

सरांचं दुखणं आणखी वेगळं होतं. त्यांचं घर वाडीच्या पोटात, बैलगाडी जेमतेम घुसेल अशा बोळाच्या टोकाला. शेजारचा ज्युलियस कुवेतला जाऊन आला आणि त्याने रस्त्याला लागून गच्चीचा बंगला बांधला. पूर्वी हा ज्युलियस शाळेत सरांच्या हातची छडी खायचा. आता गच्चीवर उभा राहून "गुड मॉर्निंग, सर" म्हणायचा, तेव्हा सरांना मान वर करावी लागायची. त्यात थोरल्या एमिलीचं लग्न ठरलं. मुलगा बँकेत, घर आगाशीला, वऱ्हाड मोटारींनी येणार. मोटारी काय बोळात घालायच्या? मांडव रस्त्यावर हवा, मागाहून तिथेच बंगला हवा. आणि सरांच्या वाडीचा रस्त्याला लागलेला तेवढाच तुकडा होता: बावखल.

तेव्हा सरांना डास आठवले.

"साचलेलं पाणी म्हणजे डासांची शाळा," त्यांनी घरात जाहीर केलं. "बुजवायला हवं. हे सायन्स आहे."

त्यांची आय, सालोमी, लाल चौकडीचं लुगडं खोचून केळी पाल्यात गुंडाळत बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "तुज्या बापानं तुला त्यात पोहायला शिकवलं रे."

"आता पोहतंय कोण, आय? मलेरिया होतो. आजोबा कशाने गेले?"

"ताडीनं गेला तो. मलेरियाला उगा बदनाम करू नको."

पण शिकलेल्या लेकापुढे आयचं काय चालतं! कामणच्या बाजूच्या डोंगरातून लाल मुरुमाच्या लॉऱ्या यायला लागल्या. कासवं बाहेर पडून रस्ता ओलांडायला लागली आणि एक तर थेट ज्युलियसच्या पोर्चमध्ये जाऊन बसलं. बावखलाचे तीन हिस्से बुजले आणि लॉऱ्या अचानक बंद झाल्या. तिकडे विरारला, बोळिंजच्या बाजूला, इमारतींची कामं निघाली होती. लॉरीवाला म्हणाला, "सर, तिथं अख्खा डोंगर मागतात. तुमचा कोपरा काय, नंतर टाकू." उंबराखालचा तो एक कोपरा तसाच उघडा राहिला. 'झाडे जगवा'चा बोर्ड पाण्यात आपलं तोंड बघत राहिला.

त्याच सुमारास सरांच्या घरी डाळ शिजेनाशी झाली.

"किती लाकडं घातली तरी दाणा आपला तसाच," कॅथरिनबाई, त्यांची बायको, म्हणाली. "आणि साबणाला फेस म्हणून नाही. एमिलीचे पप्पा, मला पाण्याचंच काहीतरी वाटतं."

"पाण्याचं काय असणार? डाळ बदल."

डाळ बदलली. दुकान बदललं. साबण बदलला. मग सरांनी नववीच्या वर्गात 'अन्नातील भेसळ' या विषयावर पूर्ण तासाचं व्याख्यान दिलं आणि रेशनच्या डाळीवर इतके घसरले, की रेशनवाल्याच्या पोराला रडू आलं.

हे सगळं पंच्याऐंशी सालचं. त्या पावसाळ्यानंतर ठाण्याहून शिक्षण खात्याचं फर्मान आलं. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाचा यंदाचा विषय पर्यावरण. चार्ट आणि थर्माकोलचे ज्वालामुखी चालणार नाहीत. विद्यार्थ्यांनी स्वतः संशोधन करून गावातला एक प्रश्न शोधावा आणि त्यावर उपाय सुचवावेत. मुख्याध्यापक व्हिन्सेंट सरांनी 'स्वतः' हा शब्द मोठ्याने वाचला.

"स्वतः म्हणजे माझ्या मार्गदर्शनाखाली," बेसिल सर म्हणाले.

त्यांनी नववीतली तीन पोरं निवडली. आग्नेलचं अक्षर चांगलं, हरेश्वर सामानाची पेटी वाहायला धट्टाकट्टा, आणि शकू पाठांतराला पक्की. शकू ही सरांच्या शेजारच्या वाडीतल्या धर्माची मुलगी. धर्माच्या पानवेली होत्या आणि त्याची विहीर सरांच्या बावखलाच्या खालच्या अंगाला.

"विषय घ्या: आपल्या विहिरींचे खारे पाणी," सर म्हणाले. हा विषय त्यांनी विचार करून काढला होता. पाणी बदलल्याची कुरकुर गावात होतीच; शिवाय विहिरी गावातच, पेट्रोल नाही, डबा नाही, पोरं दुपारी घरी जेवायला. "आता लिहा. निष्कर्ष."

हरेश्वर म्हणाला, "सर, अजून आपण काय बघितलंच नाय."

"म्हणून तर आधी लिहायचा. कुठे जायचं ते ठाऊक नसताना कुणी तिकीट काढतं का? लिही. 'समुद्रकिनाऱ्यावरून मुंबईला जाणाऱ्या रेतीच्या ट्रकांमुळे किनारा खचला व विहिरी खाऱ्या झाल्या.' पूर्णविराम."

रेतीचे ट्रक जात होते, हे खोटं नव्हतं. पण सरांना ते ट्रक आवडले ते त्यांच्या पत्त्यामुळे. दोषी असा असावा, की जो मुंबईला राहतो आणि रविवारी चर्चमध्ये मिसाला आपल्या बाकावर बसत नाही.

प्रयोगशाळेच्या कपाटात सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटली होती. ती फक्त बोर्डाच्या परीक्षेला बाहेर निघायची. सरांनी ती शकूच्या हातात दिली. "गोडं पाणी असेल तर जसंच्या तसं. खारं असेल तर थेंब पडताच फाटल्या दुधासारखं पांढरं. बोटांना लावू नकोस, काळी पडतात."

पोरं सुटली. त्यांना वाडीवाडीत, कुंपणं ओलांडून, भर दुपारी, सरकारी परवानगीने हिंडायला मिळालं. पिकलेले पेरू, आंबटगोड बोरं, कुणाच्या घरचं उकडलेलं रताळं. वाटेत सापडेल ती विहीर आधी चाखायची, मग नळीत थेंब टाकून बघायचं. म्हाताऱ्या विचारायच्या, "काय रे, पानी चाटत फिरता?" आग्नेल ऐटीत म्हणायचा, "संशोधन चाललंय." शकूची बोटं पहिल्याच आठवड्यात शाई प्यायल्यासारखी काळी झाली. तिच्या आईने पुष्कळ घासली. साबणाला फेस येत नव्हता.

पंधरवड्याने तिघांनी गावाचा नकाशा सरांपुढे पसरला. खाऱ्या विहिरीला कागदाचं लाल निशाण, गोड्याला निळं. सरांना आधी निशाणं फार आवडली. मग त्यांच्या लक्षात आलं, की लाल निशाणं किनाऱ्याकडे नाहीत. ती गावाच्या मधोमध घोळक्याने उभी आहेत.

"हे असं कसं? रेती किनाऱ्यावर निघते. लाल किनाऱ्यावर पाहिजे."

"किनाऱ्याजवळ फर्डिनंड बाबांचं बावखल हाय ना अजून," शकू म्हणाली. "त्यांच्या बाजूच्या सगळ्या विहिरी गोड्या. जिथं जिथं बावखल बुजवलं, तिथं तिथं लाल. आम्ही परत जाऊन बघितलं, सर. बावखलातलं पाणी खाली मुरतं आणि खाऱ्याला वर येऊ देत नाही. बुजवलं की खारं वर येतं, आणि पंप त्याला आणखी ओढतो. पाठ्यपुस्तकात असंच हाय, तुम्हीच शिकवलं. पान मात्र आठवत नाही."

सरांनी नकाशावर आपली वाडी शोधली. तिथे लाल. धर्माच्या विहिरीवर लाल.

"माझ्या विहिरीचं पाणी तुम्हाला कुणी दिलं?"

"बाईंनी," हरेश्वर म्हणाला. "चहा पण देत होत्या, पण तो फाटला."

आणि सगळ्या लाल निशाणांच्या मधे, सरांच्या वाडीच्या कडेला, एकच निळं.

"हे कुठलं?"

"तुमच्या बावखलाचा उरलेला कोपरा, सर. उंबराखालचा. एकदम गोडं. थेंब टाकला तरी हललं नाय."

सरांनी त्या निळ्या कागदावर बोट ठेवलं. मांडव, मोटारी, गच्ची, गच्चीवरून ज्युलियसला म्हणायचं गुड मॉर्निंग, हे सगळं त्या कागदाच्या टोकावर उभं होतं.

"काढ ते," ते म्हणाले. "ते डबकं आहे. संशोधनात डबकी धरत नाहीत."

शकूने निशाण काढलं. ते कुठे टाकावं न कळून मुठीत धरलं. मग तिने विचारलं, "सर, आता निष्कर्ष बदलायचा की विहिरी?"

तिने उद्धटपणाने विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. त्यामुळे सरांना छडी घेता येईना. ते म्हणाले, "निष्कर्ष वहीत लिहून झालाय. लाल निशाणं थोडी किनाऱ्याकडे सरकवा. नकाशा लहान आहे, एवढं तेवढं चालतं."

"आणि उपाय? आम्ही लिहिलंय, बुजवलेली बावखलं उकरणे."

"उपाय जनजागृती करणे. पाठ कर."

ठाण्याच्या प्रदर्शनात भुईगावला दुसरा नंबर मिळाला. पहिला सूर्यचुलीला गेला, कारण तिच्यावर परीक्षकांना गरम गरम बटाटे मिळाले. परीक्षकांनी शकूला विचारलं, "मग यावर उपाय काय?" ती छताकडे बघून घडाघडा म्हणाली, "जनजागृती." परीक्षक खूश झाले. प्रदर्शनातल्या प्रत्येक टेबलाने तेच उत्तर दिलं होतं. सगळा जिल्हा एका विचाराचा आहे, याचं त्यांना समाधान वाटलं. सरांनी ढाल हातात घेऊन फोटो काढला. पोरं मागे उभी होती. फोटोत शकूचे हात पाठीशी आहेत.

लग्न ईस्टरनंतरच्या आठवड्यात होतं. लॉरीवाला काही आला नाही. सर कपाळाला हात लावून बसणारे नव्हते. त्यांनी उरलेल्या कोपऱ्यावर पोफळीची खोडं आडवी टाकली, त्यांवर फळ्या, फळ्यांवर सतरंजी, आणि वर मांडव घातला. रस्त्यावरून बघणाऱ्याला एकसंध जमीन वाटावी. त्या कोपऱ्यावर त्यांनी बँडवाल्यांना जागा दिली. बुडालेच तर पाहुणे बुडू नयेत, एवढाच हिशेब.

बँडमास्तर बळीराम लग्नाच्या आदल्या दुपारी आला. त्याने मोठ्या ढोलावर एक टिपरू मारलं आणि तो चमकलाच. "सर, काय मांडव घातलाय! आवाज कसा घुमतो! मुंबईच्या हॉलात पण असा नाय घुमत!"

"आहे खरा," सर म्हणाले. "जागाच तशी निवडली."

त्या दिवशी संध्याकाळी न्हाणाचं पाणी आणायचं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी घरच्या बाया डोक्यावर कळशा घेऊन, बँड लावून, आपल्या पाणवठ्यावर जातात. नवरीच्या घरातली सर्वांत थोरली बाई पहिली ओंजळ पिते, मग कळशा भरतात, आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. पूर्वी हे पाणी उंबराखालून घ्यायचे. पंपवाल्या पक्क्या विहिरी झाल्यापासून लोक विहिरीवर जायला लागले. तिथे फोटो बरा निघतो.

घरात एमिली अंगाला नारळाचं दूध चोळून पाटावर बसली. इकडे बँड, गाणी आणि हसणंखिदळणं सुरू झालं. सगळी वाडी, शेजारपाजार, धर्माचं घर, ज्युलियस, व्हिन्सेंट सर, सगळे विहिरीभोवती जमले. सालोमी आजीने ओंजळ पुढे केली. कॅथरिनबाईने पोहऱ्यातलं पाणी ओतलं. आजी प्यायली आणि तिने ते पाणी जसंच्या तसं थुंकून टाकलं. ते सरांच्या नव्या बुटांवर पडलं.

बँड गप्प झाला.

"खारं हाय," आजी म्हणाली.

"आय, वयाने तुझ्या जिभेची चव गेली आहे."

सरांची बहीण मेरी पुढे झाली. तिने चूळ भरली आणि थुंकली. मग तिच्या जावेने. मग कॅथरिनच्या बहिणीने. एकामागून एक बाया पुढे यायच्या, घोट घ्यायच्या आणि वळून थुंकायच्या. जणू हाच आता लग्नाचा विधी झाला होता. शेवटी फोटोवाल्याने पण चाखून बघितलं.

"मीठ शरीराला आवश्यक असतं," सर म्हणाले.

"खाऱ्या पान्यानं आमी बोंबील धुतो, बेसिल," आजी म्हणाली. "नवरी नाय धुवत."

"मग धर्माकडे जाऊ," कॅथरिनबाई घाईने म्हणाली. "कुंपणापलीकडेच तर आहे."

धर्मा डोकं खाजवत म्हणाला, "वैनी, माजी पन तसलीच. पानांच्या कडा करपल्या माज्या. का ते सर सांगतील, ते शिकलेले."

ज्युलियस खिशात हात घालून पुढे आला. "सर, टेन्शन नाही. मी टँकरवाल्याला सांगतो. टँकर रस्त्यावर उभा राहील, बँड त्याच्यापुढे वाजवू. एकदम नवीन आयटेम."

बळीरामने ओठ दाबले. कुणीतरी हसलं. आजीने ज्युलियसकडे अशा नजरेने बघितलं, की त्याने हात खिशातून काढले. "माज्या नातीला रबराच्या नळीनं न्हाऊ घालू?"

घरातून एमिलीचा धाकटा भाऊ धावत आला. "मम्मी, एमिली विचारते पाणी कधी येणार. तिला मुंग्या लागल्यात."

आता सरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते रुमालाने मान पुसत होते, तेवढ्यात मेरी म्हणाली, "अरे, ती पोरं वरीसभर विहिरी चाटत फिरत होती ना? त्यांना ठाऊक असंल!" आणि सगळ्यांच्या माना एकदम गर्दीत मागे उभ्या असलेल्या शकूकडे वळल्या.

"शकू बाय, जवळचं गोडं पानी कुठं गावंल गं?"

शकूने सरांकडे बघितलं. प्रदर्शन संपलं तरी ती विहिरी तपासायची थांबली नव्हती. बोटं अजून काळीच होती. सरांनी मनातल्या मनात प्रार्थना केली, की पोरीने 'जनजागृती' म्हणावं.

ती म्हणाली, "सर, सांगू?"

म्हणजे तिने गावासमोर परवानगी मागितली. नाही म्हणावं, तर पोटची पोर मुंग्यांच्या हवाली. हो म्हणावं, तर मांडव, बंगला, गच्ची. बेसिल सरांनी आयुष्यात हजारदा वर्गाला विचारलं होतं, 'सांगा, कोण सांगेल?' आणि उत्तर स्वतःच देऊन मोकळे झाले होते. आज त्यांना पहिल्यांदा उत्तर ठाऊक होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं. घरातून एमिलीची हाक आली, "पप्पाऽऽ!" ती लहानपणी त्याच तळ्यात पाय सोडून बसायची आणि मासा बोटाला लागला की अशीच ओरडायची.

"सांग, बाई," सर पुटपुटले.

शकूने काळं बोट वर केलं. "मांडवात. बँडवाल्यांच्या पायाखाली."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग बळीराम आपल्या ढोलाकडे बघत ओरडला, "आयला, तरीच माजा ढोल घुमत होता!"

मग जे झालं, तसं भुईगावात त्याआधी झालं नाही आणि त्यानंतरही नाही. वाजतगाजत निघालेली मिरवणूक उलटी फिरली आणि वाजतगाजत आपल्याच मांडवात आली. धर्मा आणि ज्युलियसने सतरंजी गुंडाळली, फळ्या उचलल्या. खाली उंबराच्या मुळ्या, हिरवट उजेड आणि शांत पाणी. एक बेडूक पेट्रोमॅक्सच्या उजेडात सगळ्या मिरवणुकीकडे बघून डुबुक्कन आत गेला. सरांची आय गुडघ्यांवर हात ठेवत काठाला उतरली, तिने ओंजळ भरली आणि प्यायली. सगळे तिच्या गालाकडे बघत राहिले.

तिने गिळलं.

"गोडं," ती म्हणाली.

बँड असा वाजला की मांडवाच्या झालरी थरथरल्या. कळशा भरल्या गेल्या. ज्युलियस सरांच्या कानाशी येऊन म्हणाला, "सर, मांडवात स्विमिंग पूल? कुवेतला शेखांच्या पण नाय बघितला." सर हसले. हसण्यावाचून दुसरं काही शिल्लक नव्हतं. एमिली न्हाली, मुंग्या गेल्या, दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये लग्न थाटात लागलं. मोटारीही आल्या. पण आगाशीचं वऱ्हाड रस्त्यावरच्या मांडवाबद्दल काही बोललं नाही. सगळे आळीपाळीने जाऊन ते भोक बघून आले.

आठ दिवसांनी बोळिंजकडचं काम आटपून लॉरीवाला मुरूम घेऊन हजर झाला. सालोमी आजी रस्त्यात उभी राहिली.

"न्हानाचं पानी दिलं ती जागा बुजवत नाय," ती म्हणाली. "आमच्यात रीत हाय."

"आय, अशी कुठली रीत आहे? मी कधी ऐकली नाही," सर म्हणाले.

"तू ऐकतोस कधी? बोलतोस."

म्हातारा फर्डिनंड तिथे विडी ओढत होता. तो म्हणाला, "मी पण कधी..." एवढ्यात त्याच्या म्हातारीने त्याला कोपर मारलं. मग आजूबाजूच्या सगळ्या बायांना ती रीत एकदम आठवली. कुणाची आजी सांगायची, कुणाच्या माहेरी पाळायचे. संध्याकाळपर्यंत ती रीत पोर्तुगीजांच्याही आधीची झाली. लॉरी मुरुमासकट परत गेली.

बंगला झाला. पण कोपऱ्यात बावखल असल्याने त्याची एक बाजू कुत्र्याने चावलेल्या नानकटाईसारखी आत गेली आहे, आणि गच्ची ज्युलियसच्या गच्चीपेक्षा हातभर खाली. बेसिल सर मात्र त्याच काठावर आता दर वनमहोत्सवाला शाळेची पोरं आणतात. ते उंबराला टेकून, बोर्डाच्या खाली उभे राहून सांगतात, "मुलांनो, सगळ्या गावाने बावखलं बुजवली. लोक मला वेडा म्हणाले. मी माझं राखलं."

पहिल्यांदा हे भाषण झालं तेव्हा शकू दहावीत होती. ती मागून म्हणाली, "सर, उरलेले तीन हिस्से कधी उकरायचे? बाबा फावडं घेऊन यायला तयार हाय. हरेश्वर पण."

सरांनी रुमालाने बोर्डावरची धूळ पुसली.

"त्यासाठी आधी जनजागृती व्हायला हवी," ते म्हणाले.

विहीर अजून खारीच आहे. कॅथरिनबाई रोज सकाळी उंबराखालून एक कळशी भरून आणते आणि त्या पाण्यात डाळ टाकते. डाळ लोण्यासारखी शिजते. सर दुपारी शाळेतून येतात, भात कालवतात, दोनदा वाढून घेतात आणि बोटं चाटत म्हणतात, "बघ, मी म्हणालो नव्हतो? या वेळी रेशनवाल्याने डाळ चांगली दिली."